पाठ आधी

लकडगंजात दुपारी दोनला आरा थांबतो
आणि भुशाच्या वासाची एक शांतता पसरते.
तेवढ्या वेळात ऐकून घ्यायचं असतं,
असं उकंडराव कातारी म्हणतात,
हत्यार काय म्हणते ते.

मी ऐकत नव्हते.
तान्ह्या पोळ्याला नऊ दिवस,
साठ नंदी, म्हणजे दोनशे चाळीस चाकं,
आणि लेथवर शिवणीचा तुकडा गरगरत होता.
मी गोल पटाशी थेट नाकानेच घुसवली.

खाड्!
चाक सुटलं, पत्र्यावर आपटलं,
चहाचा गिलास घेऊन खाली आलं.
मनगटापासून खांद्यापर्यंत अशी झिणझिणी
की रात्री पोळ्या लाटतानाही होती.

उकंडरावांनी मोटर बंद केली.
आधी काचा वेचल्या.
मग पटाशी दाराच्या उजेडात धरली,
डोळ्यांत मोतीबिंदू, तरी.
"हे पाय. चमकून राहिली ना रेघ?
धार दिसते तवर ते धार नाही, पोरी.
बोथट हत्याराले जोर लागते,
अन् जोर आला का राग मागून येतेच."

सहाणेच्या चाकापाशी बसवलं मला.
टेकव. उचल. पाण्यात बुडव.
ठिणग्या सुंदर असतात, त्यांच्याकडे बघायचं नाही.
निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं.
हे मी वहीत लिहून घेतलं तर हसले.
"वहीले गंज नाही चढत,
म्हून तिले धार बी नाही."

मग तेलाचा दगड,
मधोमध होडीसारखा खोल झालेला.
धारेच्या पलीकडे बोटाला जी खरखर लागते
तिला ते मिशी म्हणतात.
मिशी फुटली म्हणजे धार वयात आली,
पण काढल्याशिवाय उपयोग नाही.
त्यासाठी भिंतीवर दोन हात लांब चामड्याचा पट्टा,
एम्प्रेस मिलच्या यंत्रावरचा.
मिल मोडीत निघाली तेव्हा
कुणी बाकडं विकत घेतलं, कुणी घड्याळ.
ह्यांनी हा.
"बावीस वर्सं याच्या खाली उभा होतो.
आता तो माह्याकडे कामाले."

नखावर टेकवून पाहायची.
घसरली, तर नाही.
अडली, तर आहे.

पुन्हा लेथ. आता टेकूवर डावा हात,
आणि लाकडाला पाठ लावायची पटाशीची,
नुसती पाठ,
धार अजून हवेत.
घासू द्यायची. काही कापायचं नाही.
बैलाच्या अंगावर आधी तळहात ठेवतात ना,
कोण आलंय ते त्याला कळावं म्हणून, तसं.
मग मूठ उचलायची, केसभर.
काहीच नाही.
आणखी केसभर.

आणि साल सुटली.
लांब, दमट, पापुद्र्याइतकी पातळ,
मनगटावरून कोपरापर्यंत वळत गेली.
दूर कुणी जुनं लुगडं फाडत असावं तसा आवाज.
उकंडराव दाराकडे तोंड करून बसले होते.
वळले नाहीत.
"आता बोलली," म्हणाले.

ते सुटलेलं चाक मी फेकलं नाही.
दात लागलेली बाजू पोटाकडे केली
आणि सदतिसाव्या नंदीला बसवलं.
सांगितलं नाही कुणाला.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी
पोट्टे सिमेंट रोडवरून नंदी ओढत निघाले,
कपाळाला बेगड, गळ्यात घुंगरं,
एकाच्या शिंगाला राखीचा गोंडा.
त्या सगळ्या गलक्यात एक नंदी
टक्. टक्. टक्.
उकंडरावांना तो दिसणं शक्यच नव्हतं.
"तो पाय, आपला चालला," म्हणाले,
आणि सुपारीचं खांड गालात सरकवलं.

मी अंगठ्याचं नख बघत बसले.
अडलेल्या धारेच्या बारीक पांढऱ्या रेघा,
अठरा असतील, एकोणीस.
दोन ठिकाणी नुसतीच घसरलेली.